गहू भिजत घातले होते

आई,

घर विकलं.

हे सांगण्याआधी चार ओळी इकडच्या तिकडच्या लिहिणार होते. अकोल्याचं ऊन, तुझ्या जावयाचे गुडघे, दवाखान्यातली गर्दी. पण तुला घोळवून सांगितलेलं कधी आवडलं नाही. कोणी दारात येऊन "सहजच आलती व" म्हटलं, की तू विचारायचीस, "कायले आली थे सांग आधी, मंग चहा ठेवतो." म्हणून आधी तेच सांगितलं. राजापेठच्या मागच्या गल्लीतलं, तू उभं राहून बांधून घेतलेलं घर आता आपलं नाही. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले, तेव्हापासून ते बंदच होतं. विकायला काही हरकत नव्हती, असं मला अजूनही वाटतं. घर विकणं हा काही गुन्हा नाही. मी ते ज्या तऱ्हेने विकलं, त्याबद्दल हे पत्र आहे.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, की तुला आधी बरंच काही समजावून सांगावं लागेल. तू गेलीस तेव्हा तुझी नात दुपट्यात होती. आता ती पुण्यात नोकरी करते आणि मला अक्कल शिकवते. मी अजून सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागेच बसते. "जेवणाआधी घ्या म्हटलं होतं ना, मग जेवणानंतर का घेतली?" असं दिवसभर लोकांवर खेकसते आणि लोक मुकाट्याने ऐकून घेतात. माझा हा तोंडाळपणा तुझ्याकडून आलाय, असं बाबा म्हणायचे. तुझी हिंमत मात्र आलेली नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते मला या उन्हाळ्यात कळलं.

बाबा गेल्यावर मी महिन्यातून दोन रविवार अमरावतीला जायचे. कुलूप उघडलं की आधी तो कोंदट वास यायचा. नळ सोडून बघायचे, कुठे वाळवी लागली का बघायचे, झाडून काढायचे, डबा खायचे आणि उन्हं उतरली की परतीची बस धरायचे. दुसऱ्या दिवशी कंबर बोलायची. तुझे जावई म्हणायचे, "अजून किती दिवस हे करशील?" मी म्हणायचे, "बघू." मग होळीला तुझी नात घरी आली आणि तिने मोबाइलवर एक कंपनी दाखवली. ही कंपनी ऑनलाइन घरं विकत घेते. आपण घराचे फोटो पाठवायचे, माहिती भरायची, की ते बसल्या जागी किंमत कळवतात. पटली तर त्यांचा माणूस एकदा येऊन बघून जातो, आणि आपण म्हणू तेव्हा रजिस्ट्री. पुढे ते घर रंगवून, दुरुस्त करून दुसऱ्याला विकतात. दलाल नाही, बघायला येणाऱ्यांची रांग नाही, घासाघीस नाही. "आई, कोणाशी काही बोलावंच लागत नाही," ती म्हणाली. तिच्या लेखी ती त्या कंपनीची एक सोय होती. मला मात्र ते ऐकून छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं.

कारण आपल्याकडे घर विकायचं म्हणजे आधी ते गल्लीला कळतं, मग गिऱ्हाइकाला. बाजूची बांगडीवाली विचारणार, काहून विकता? कोणाच्या तरी साळ्याला घ्यायचं असणार. आणि मग एका संध्याकाळी गल्लीच्या टोकाची काकू येऊन ओट्यावर बसली असती, पदराने तोंड पुसलं असतं आणि म्हणाली असती, "आन बाई, गच्चीचं कसं?" घर विकायची मला भीती नव्हती. या एका प्रश्नाची होती. बाजारभावापेक्षा कंपनीचा आकडा बराच कमी आहे, हे मला कळत होतं. तरी मी हो म्हटलं.

फोटो काढायला मी आणि तुझी नात मिळून गेलो. ती म्हणाली, भिंतीवरचं सगळं उतरव, घर कोणाचं आहे ते फोटोत दिसायला नको, मग किंमत बरी येते. मी कॅलेंडर उतरवलं, बाबांचा निरोपसमारंभाचा फोटो उतरवला, आणि पुढच्या खोलीतला बुद्धांचा फोटोही उतरवून ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवला. तू असतीस तर तिथेच दोघींना पिशवीसकट घराबाहेर काढलं असतंस. भिंतीवर फोटोची चौकट तेवढी फिक्या रंगाची राहिली होती. नातीने मोबाइलमधूनच ती पुसून टाकली.

आता गच्चीचं. हे तुला काय सांगायचं, पण सांगते, कारण मला ते स्वतःला एकदा नीट ऐकवायचं आहे. घराचं बांधकाम सुरू होतं तेव्हा मी शाळेत होते. मिस्त्रीने जिना आतून, स्वयंपाकघराच्या शेजारून धरला होता. बाबांनाही तोच हवा होता, चोरांची भीती नको, पावसात भिजणं नको. तू तुझ्या शाळेतून तशीच आलीस, खांद्याला पर्स, चपलांना खडू आणि धूळ, आणि विटांच्या ढिगावर चढून म्हणालीस, "जिना बाहेरून." मिस्त्री म्हणाला, "बाई, आतला जिना सोयीचा राह्यते." तू म्हणालीस, "कोनाच्या सोयीचा?" बाबांनी हळूच विचारलं, "गच्ची का भाड्यानं द्याची हाय?" तेव्हा तू जे बोललीस ते मला अजून पाठ आहे. "उन्हाळ्यात टिनाच्या घरातल्या बाया वाळवनं घेऊन येतीन. माह्या घरातून गेल्या तं उपकार होते. बाहेरून गेल्या तं रस्ता होते." बाबांनी क्षणभर तुझ्याकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "बांधा बापा बाहेरून." जिन्याला खाली लहानसं फाटक लागलं, फाटकाला कडी लागली. कुलूप कधीच लागलं नाही.

काकूचा नवरा लवकर गेला. दोन लेकरं तिने उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांवर वाढवली. कुरड्या, पापड, शेवया, सगळं ऑर्डरीने. परतवाड्याचा एक दुकानदार आणि धामणगावची दोन-चार घरं दरवर्षी तिच्याकडूनच न्यायची. तिच्या टिनाच्या घराला गच्ची नव्हती आणि अंगणात दुपारनंतर सावली यायची. आपली गच्ची म्हणजे तिचं कारखान्याचं आवार होतं म्हण ना. होळी झाली की ती गहू भिजत घालायची. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून त्याचा दुधासारखा चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, आणि सकाळी उकळत्या पाण्यात ओतून घाटायचा. घाटलेला चीक निवला की मेला. गरम असतानाच सोऱ्यात भरून उन्हात कुरड्या पाडायच्या. त्यामुळे एकदा गहू पाण्यात पडले, की तिच्या हातात काही राहत नसे. चौथ्या दिवशी सकाळी तिला ऊन लागायचं आणि ते ऊन आपल्या गच्चीवर असायचं.

त्या सकाळी तू सुट्टीतली मास्तरीण नसायचीस. पदर खोचून त्यांच्यात बसायचीस. बांगडीवाली, काकू, भाजीवाल्यांच्या सुना, आपल्या पलीकडच्या पाटलीणबाई, कोणाचा हात कोणाच्या चिकाला लागला हे विचारायची तुझ्या गच्चीवर सोय नव्हती. एकदा कोणीतरी विचारायला तोंड उघडलं, तर तू तिच्या तोंडात गरम चिकाचा घास कोंबलास, साखर घालून. मी तेव्हा कॉलेजला होते आणि मला या गोंगाटाचा वैताग यायचा. एक दिवस मी वर येऊन बायकांना म्हटलं, "आमच्या गच्चीवर जरा हळू बोलत जा ना." तुझ्या हातात सोऱ्या होता. तू मान वर न करता म्हणालीस, "आमच्या? गच्ची तुह्या बापाची असन. ऊन बी काय तुह्या बापानं आनलं व?" खालून, पेपराआडून बाबा म्हणाले, "मी नाई आनलं." बायका इतक्या हसल्या की एकीच्या दोन कुरड्या मोडल्या. मी रागाने खाली गेले आणि दुपारभर कोणाशी बोलले नाही. लग्नात तू मला पितळी सोऱ्या दिलास. सासूबाईंनी उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, चांदीचं काही नाही का? मी लाजून तो माळ्यावर टाकला. कुरड्या मी आजतागायत दुकानातून आणते.

तू गेल्यावर बाबांनी गच्चीचा नेम चालू ठेवला. होळीनंतर ते स्वतः टाकी भरायचे, काकूला आवाज द्यायचे, आणि सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे, कावळ्यांना शिव्या देत. तू माझ्याकडून या गच्चीबद्दल कधी वचन घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर मोडताना निदान हाताला जाणवलं असतं. तू गृहीत धरलंस, की तुझ्या पोटची पोरगी एवढं न सांगता करेल.

कंपनीचा माणूस आला तो मंगळवार होता. नागपूरचा, पोरसवदा, बोलायला गोड. हातात लेझरचं यंत्र, भिंतीवर लाल ठिपका टाकून तो खोल्या मोजत होता. आम्ही बाहेरच्या जिन्याने वर गेलो. टाकीखाली काकूचं सामान होतं. धुऊन रचलेले दगड, घडी घातलेलं प्लॅस्टिक, एक पाट, आणि पाठ मोडलेली खुर्ची, कारण काकूला आता जमिनीवर बसवत नाही. तो म्हणाला, "मॅडम, हे कोणाचं?" मी म्हटलं, "जुनं काहीतरी पडलंय. फेकून द्या." मग तो म्हणाला, "गच्चीचा वापर आणखी कोणी करतं का? या जिन्याने कोणाची वाट, कोणाचा हक्क? नंतर वाद नको, म्हणून विचारतो." बिचाऱ्याने नीट विचारलं, आई. दोनदा विचारलं. मी म्हटलं, "कोणाचा नाही. फक्त आमचा." आणि खाली बघितलं तर काकू गल्लीतून पाण्याची कळशी घेऊन चालली होती. तिने वर बघून हात केला. मीही हात केला. ती समजली असेल, पोरगी गच्ची झाडायला आली.

रजिस्ट्री पुढच्या सोमवारी ठरली. आदल्या दिवशी, रविवारी, मी अकोल्यात भाजी निवडत होते आणि काकूचा फोन आला. "बाई, आज गहू भिजू घातले व. गुरुवारी कुरोड्या पाडतो. तुह्या बाबाची आठवन येऊन राह्यली पाय, टाकी भरून ठेवत होते बिचारे. तू येशीन तं मोटर लावून देजो, गच्ची धुवा लागते. आन रजा भेटली तं गुरुवारीच ये ना. पयला चीक तुह्या हातानं घाटू यंदा, घरची लेक हायेस." मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "बघते काकू, रजा मिळाली तर." वर आणखी विचारलं, "गुडघे कसे आहेत?" औषधांच्या खिडकीवर बसून बसून मला हे छान जमतं. माणसाला द्यायचं ते न देता त्याची चौकशी करायची.

त्याच वेळी सांगता आलं असतं. गहू सकाळीच पाण्यात पडले होते, पण तिने ते उपसून वाळवले असते, दळून आणले असते, कोणाची तरी दुसरी गच्ची बघितली असती. अजून हातात होतं. मी फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडली. तुझे जावई म्हणाले, "कोण होतं?" मी म्हटलं, "गल्लीतली काकू. सहजच."

सोमवारी सकाळी रजिस्ट्री ऑफिसात गेले. अंगठा, फोटो, सह्या. किल्ल्या मी तिथेच, बाहेरच्या चहाच्या टपरीजवळ त्या पोराच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "घरी येऊन एकदा शेवटचं बघायचं आहे का, मॅडम?" मी म्हटलं, "नको, बस आहे." राजापेठ तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी गल्लीकडे वळलेच नाही.

गुरुवारी खिडकीवर ही गर्दी होती. एका म्हाताऱ्याला मी साखरेच्या गोळ्या समजावत होते आणि फोन वाजला. काकूच्या आवाजामागे बायकांचा गलबला ऐकू येत होता. "बाई, फाटकाले कुलूप हाय व. नवंच दिसून राह्यलं. चावी कोनापाशी ठेवली? पोरी चिकाचं गंज धरून उभ्या हायेत, हात पोळून राह्यले." त्या क्षणीही माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? की म्हणावं, बाबांच्या चुलतभावाने लावलं असेल, विचारते. जिभेच्या टोकावर आलं होतं ते. पण माझ्या समोर तो म्हातारा गोळ्यांची पट्टी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याच्यासमोर माझ्याने खोटं बोलवलं नाही. मी म्हटलं, "काकू, घर विकलं."

तिकडचा गलबला चालूच होता. काकू म्हणाली, "कवा?"

"सोमवारी."

"इतवारी तं मी तुले फोन केलता व."

मला वाटलं, आता ती तुझं नाव काढेल. तुझ्या मायनं जिना कोनासाठी बांधला होता, म्हणेल. म्हणाली असती तर मीही काहीतरी बोलले असते, माझ्याकडे तयार होतं सगळं, कायदा, कागद, बंद घराची कटकट. ती एवढंच म्हणाली, "सांगतलं असतं तं गहू नसते भिजू घातले." मग कोणाला तरी म्हणाली, "चला वं, चीक आटून राह्यला," आणि फोन ठेवला. आई, तिने गच्ची मागितली नाही. घर मागितलं नाही. तिला फक्त एक निरोप हवा होता.

मी कंपनीला फोन लावला. दोन दिवस किल्ली द्या, फक्त गच्ची, म्हटलं. तिकडच्या मुलीने फार आदबीने सांगितलं, की काम सुरू झालंय, घर आता दुरुस्तीवाल्यांच्या ताब्यात आहे, आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं केमिकल लावलंय. तिची तरी काय चूक? मी तिला काही बोललेही नाही. मी, जी कोणालाही सोडत नाही.

तीन रविवार टाळले, चौथ्या रविवारी गेले. बसस्टँडवरून संत्री घेतली, मग वाटलं रिकाम्या हाताने गेले असते तर बरं झालं असतं. गल्लीत शिरताना आपल्या घराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. फाटकाच्या जागी आता पत्र्याचं दार होतं. काकू अंगणात बसली होती. मला बघून तिने सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि संत्री घेऊन बाजूला ठेवली. "कायले आनले व एवढे?" म्हणाली. मग, "तुह्या घरचं हाय बाई, इक का ठेव. आमी कोन सांगनारे?" ती रागावली नव्हती. माझ्याशी ती इतकी शिस्तीत बोलत होती, की तिने मला घरच्यांतून उठवून पाहुण्यांत बसवलंय, हे मला चहा येण्याआधीच कळलं.

सून मात्र दारात उभी राहिली, कपबशी हातात. "आत्या बोलनार नाईत, मी बोलतो," ती म्हणाली. "ताई, इकाचं होतं तं इका. आमी का आडवे झालो असतो? एक फोन कराले काय लागत होतं?"

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही वाईट मानाल."

"मंग आता का चांगलं मानलं?"

मी बशीत चहा ओतला आणि प्यायले. काकू तिला म्हणाली, "चूप राह्य वं, थकून आली हाय थे." हे तर मला अजिबात सहन झालं नाही. मी म्हटलं, "काकू, रागवा ना मला." ती म्हणाली, "रागवाले तुही माय पायजे होती. मी काय रागवू?" आणि सोऱ्या पुसायला लागली.

त्या गुरुवारी काय झालं ते सुनेनेच सांगितलं. चीक घेऊन त्या परत आल्या आणि घरावरच्या टिनावर प्लॅस्टिक टाकून कुरड्या पाडल्या. टिन इतकं तापलं होतं की प्लॅस्टिक आखडलं, कुरड्या चिकटल्या, काढताना मोडल्या. निम्म्या चिकावर साय धरली, तो गवळ्याच्या म्हशीला गेला. परतवाड्याच्या दुकानदाराने मोडकी कुरडई घ्यायला नाही म्हटलं आणि दुसरीकडे ऑर्डर दिली. एकदा गेलेला दुकानदार परत येत नाही, हे काकूला माहीत आहे. आता ती समोरच्या नव्या तीन मजली घराच्या गच्चीवर जाते. त्यांचा जिना हॉलमधून आहे. त्यांची टीव्हीची वेळ बघून, पाय पुसून, चिकाचं पातेलं पदराखाली धरून जावं लागतं. गेल्या आठवड्यात फरशीवर दोन थेंब सांडले, तर काकूने स्वतः बसून पुसले. सून हे सांगत होती तेव्हा काकू म्हणाली, "भले लोक हायेत व थे." त्या भल्या लोकांच्या घरातून सत्तरीची बाई दिवसातून चारदा मान खाली घालून जाते, आणि याला कारण मी आहे. दुसरं कोणी नाही. मी बरेच दिवस कंपनी म्हणून पाहिलं, पोरगी म्हणून पाहिलं, बंद घराची दगदग म्हणून पाहिलं. फिरून फिरून माझ्यावरच येतं.

निघताना तिने कागदात बांधून कुरड्या दिल्या. दरवर्षी बाबांच्या हाती माझ्यासाठी पाठवायची तशाच. "वाकड्या झाल्या यंदा," म्हणाली. मी नको म्हणू शकले नाही. नको म्हणण्याचाही हक्क लागतो. घरी येऊन तळल्या. तुझे जावई म्हणाले, काय फुलल्या आहेत बघ. मीही खाल्ली, आणि आई, ती चांगली लागली. मला वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही. उतरली. मी दुसरी घेतली.

तेव्हापासून रोज मनात तुझ्याशी बोलते आहे, म्हणून हे लिहायला बसले. लिहून पाठवणार कुठे? तू असतीस तर पत्र वाचून घडी केली असतीस, पदर खोचला असतास आणि त्याच पावली माझ्याकडे आली असतीस, आणि मग मला दार उघडायची हिंमत झाली नसती. हे कपाटात साड्यांखाली राहील. तुझ्या नातीला कधी सापडलं तर सापडो.

एक गोष्ट मात्र अजून कोणालाच सांगितलेली नाही, काकूच्या सुनेला तर नाहीच. गच्चीवरून उतरताना त्या नागपूरच्या पोराने विचारलं होतं, "ताबा कधी देता, मॅडम? लगेच दिला तरी चालेल, दोन-तीन महिन्यांनी दिला तरी चालेल. किंमत तीच राहील." दोन-तीन महिन्यांत उन्हाळा सरला असता. कुरड्या वाळून डब्यात गेल्या असत्या, आणि पुढच्या होळीपर्यंत काकूने काहीतरी सोय बघितली असती. पण ते महिने मला तिच्या नजरेसमोर काढावे लागले असते. मी म्हटलं, "लगेच." आणि सोमवारी सह्या करून परतताना, तिच्या घरी गहू पाण्यात फुगत असताना, मला बसमध्ये इतकी गाढ झोप लागली की मूर्तिजापूर कधी मागे पडलं कळलंच नाही. अकोल्याला कंडक्टरने खांदा हलवून उठवलं. बाबा गेल्यापासून इतकी छान झोप मला लागली नव्हती, आई.